फ्रिजच्या दारावरचं उणे दोन

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. तेव्हा नव्हता, आणि आता... आताही नाही म्हणा. बत्तीस वर्षं मी लोकांचं रक्त, लघवी आणि थुंकी बघण्यात घालवली. इतकी वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावला की जेवढं दिसतं तेवढंच खरं मानायची सवय लागते. सासूबाई लेकराची दृष्ट काढायला बसल्या की मी नाक मुरडून म्हणायचे, "आत्याबाई, मिरच्या जाळू नका, उद्या ठेच्याला लागतील." मी फारच शहाणी होते त्या काळात. पुढं कळेलच किती ते.

या सदरात लोक चिंचेखाली बसलेल्या बाईबद्दल लिहितात, घाटात लिफ्ट मागणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल लिहितात. माझ्याकडं तसलं काही नाही. माझ्या गोष्टीत एक फ्रिज आहे, फ्रिजच्या दाराला चिकटवलेला एक कागद आहे आणि वेळ सकाळी साडेनऊची आहे. नात म्हणाली, "आजी, यात कुणी घाबरणार नाही, पण तू लिही. निदान मला सारखं सांगणं तरी थांबेल." म्हणून लिहिते. वय चौसष्ट, गुडघे दोन्ही गेलेले, बसून बसून कंबर धरते... तेव्हा सलग लिहिलेलं नसेल, चालवून घ्या.

ठिकाण नीट सांगते. उमरगा. बसस्टँडकडून हायवेनं चौकाकडं यायला लागलं की डाव्या हाताला तेव्हा एक मेडिकल होतं, त्याच्यावर पहिल्या मजल्यावर आमची लॅब. वर जायला अठरा पायऱ्या. बाहेरच्या खोलीत पेशंटसाठी दोन बाकडी आणि रक्त काढायची खुर्ची. आतल्या खोलीत मशिनं, ओटा, आणि ओट्याच्या शेवटी भिंतीला लागून फ्रिज. त्यात आमची सगळी रसायनं. खालून हैदराबादकडं जाणारा ट्रक गेला की ओट्यावरच्या काचेच्या नळ्या किणकिणायच्या. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. पेशंट मात्र दचकायचे.

माणसं तीन. डॉक्टर, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, सोलापूरला राहायचे. आठवड्यातून दोनदा यायचे, बाकी दिवस फोनवर. मी टेक्निशियन. आणि रज्जाकभाई, रक्त काढणारे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. ज्याची शीर कुणालाच सापडत नाही, त्याची शीर रज्जाकभाई त्याच्या शेताची, पोराबाळांची चौकशी करता करता शोधायचे. सुई कधी गेली ते पेशंटला कळायचंही नाही.

ही गोष्ट चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची. मी पन्नाशीला आलेली, आणि तालुक्यात आपल्याएवढं लॅबचं काम कुणाला कळत नाही अशी माझी पक्की समजूत.

त्या वर्षी सरांनी मनावर घेतलं की लॅबला गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिळवायचं. त्यासाठी एक सल्लागार आला. भर उन्हाळ्यात टाय घालून, बिचारा. दोन दिवस पंख्याखाली बसला आणि बारा फायली ठेवून गेला. कुठलं काम कसं करायचं ते लिहिलेलं पाहिजे, केलं की त्याची नोंद पाहिजे, चुकलं की त्या चुकीबद्दल वेगळा फॉर्म पाहिजे. त्यातला सगळ्यांत साधा कागद म्हणजे फ्रिजच्या तापमानाचा तक्ता. महिन्याच्या तारखा एकाखाली एक, पुढं सकाळ, संध्याकाळ, सही, शेरा. रोज फ्रिज उघडायचा, आतला थर्मामीटर बघायचा, आकडा लिहायचा, सही ठोकायची. आकडा दोन ते आठच्या मधे असला की झालं. अर्ध्या मिनिटाचं काम.

ते अर्ध्या मिनिटाचं काम मी कधी केलंच नाही. एक तारखेला चहा पिता पिता पूर्ण महिना भरून टाकायचे.

आणि नुसता भरायचे नाही हं, कलाकुसर करायचे. चार, पाच, चार, पाच, मधेच एखादा सहा. रविवार रिकामा, कारण सुट्टीच्या दिवशी आकडा लिहिला तर संशय येईल. तीन पेनं आलटून पालटून. दोन-चार सह्या घाईत केल्यासारख्या. एकदा तर खरेपणा यावा म्हणून चहाचा थेंब पाडून तो पदरानं टिपला होता. मग हेच आकडे फायलीतल्या पक्क्या रजिस्टरात उतरवायचे. दारावर एक तक्ता, फायलीत एक, दोन्हीकडं तेच. काम झालं की मान तिरकी करून स्वतःच्या कारागिरीकडं बघायचे. ती बाई आज मला भेटली ना, तर तिची वेणी धरून त्या फ्रिजसमोर उभी करीन.

दुसरी लबाडी याहून मोठी होती. कंट्रोल म्हणून एक प्रकार असतो. बाटलीत भरून आलेला नमुना, ज्याचं उत्तर कंपनीनं आधीच छापून दिलेलं असतं. रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी तो लावायचा. छापल्याप्रमाणं उत्तर आलं तर मशीन आणि रसायन ठीक आहे. नाही आलं तर त्या तपासणीचा एकही रिपोर्ट बाहेर सोडायचा नाही. इतकं सोपं. मी तो फक्त सोमवारी लावायचे. बाकी पाच दिवसांचे ठिपके आलेखावर हातानं काढायचे, एक जरा वर, एक जरा खाली. रांगोळीच्या स्पर्धेत नंबर आला असता.

रज्जाकभाई मागून बघायचे. म्हणायचे, "बाई, मशिनीला न इचारताच तुमाला समदं ठाव असतंय की."

"अनुभव आहे भाई," मी म्हणायचे. तोंड वर करून.

आता मंगलबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यावरच येऊन ठेपलं होतं.

मंगल सास्तूरची. तेव्हा सव्वीस वर्षांची, पदरात दोन वर्षांची पोरगी. हृदयाची झडप बदललेली. अशा माणसाला रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर लागते. गोळी जास्त झाली तर आतल्या आत रक्त वाहतं. कमी पडली तर झडपेवर गुठळी धरते, आणि ती सुटून मेंदूकडं गेली की संपलं. म्हणून दर महिन्याला एक तपासणी. तिचं उत्तर अडीच ते साडेतीनच्या मधे पाहिजे. पाच-सहा आलं तर रक्त फार पातळ, म्हणजे गोळी थांबवायची. दोनच्या खाली आलं तर रक्त घट्ट, म्हणजे गोळी वाढवायची. एका आकड्यावर सगळं.

तिच्याबरोबर दर वेळी सासू यायची. धिप्पाड बाई, आवाज जिन्यातूनच ऐकू यायचा. मी तिला अक्का म्हणायचे. नंबर लागायला उशीर झाला की भांडायची. एकदा मी म्हणाले, "अक्का, अर्धा तास थांबलं तर काय बिघडतंय?" तर शांतपणे म्हणाली, "आमच्या घरातली चार माणसं एका भूकंपात गेली, मॅडम. आता एकबी जाऊ द्यायची न्हाय म्या. तुमी आधी हिचं रगात घ्या." रज्जाकभाईंनी आधी तिचं रक्त घेतलं.

तर तो दिवस. बुधवार, एकोणीस तारीख. ऊन असं की सकाळी आठलाच जिन्याचा लोखंडी कठडा चटका द्यायचा. त्या उन्हाळ्यात पहाटे पाच ते आठ लाइट जायची. मी साडेआठला कुलूप काढलं, तेव्हा लाइट आलेली होती, पंखा फिरत होता. सगळं नेहमीसारखं. नऊला मंगल आणि अक्का आल्या. रज्जाकभाईंनी रक्त घेतलं. मी फ्रिजमधून रसायनाची बाटली काढली, तपासणी लावली.

उत्तर आलं सहा पूर्णांक दोन.

परत लावलं. सहा पूर्णांक एक. दोन वेळा एकच येतंय म्हणजे बरोबर असणार, असं मला वाटलं. अहो, वाकड्या फूटपट्टीनं दोनदा मोजलं तर दोनदा तेच येणार, एवढं त्या शहाण्या बाईला समजू नये.

सरांना फोन लावला.

"मागच्या महिन्यात किती होतं?" सरांनी विचारलं.

"दोन पूर्णांक सात."

"गोळी दुप्पट गेली असेल. विचारा त्यांना."

मी बाहेर येऊन विचारलं. अक्का उखडली. "म्या सवता देती गोळी. रोज जेवल्यावर, माझ्या हातानं. दुप्पट जायला म्या काय येडी हाय व्हय?"

मंगल खालमानेनं हसत होती. म्हणाली, "मावशी, मला हात बी लावू देत न्हाईत त्या डबीला."

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "काहीतरी चुकलंच असेल. सहा म्हणजे थांबायची सोय नाही. रिपोर्ट देऊन टाका. मी तिच्या डॉक्टरांना फोन करतो, आठवडाभर गोळी बंद ठेवायला सांगतील." त्यांचंही बरोबर होतं. त्यांच्यासमोर माझा आकडा होता, आणि माझ्या ठिपक्यांची रांगोळी.

मी रिपोर्ट छापला, अक्काच्या हातात दिला. म्हणाले, "आजपासून गोळी बंद. डॉक्टर फोन करतील." त्या उठल्या. मी आत आले, बाटली परत ठेवायला फ्रिजकडं गेले.

दारावरच्या तक्त्यावर एकोणीस तारखेच्या पुढं, सकाळच्या रकान्यात लिहिलं होतं: उणे दोन.

उणे दोन म्हणजे शून्याच्या खाली दोन. पाणी गोठतं त्याच्याही खाली. आडवी रेघ, पुढं दोन. माझा दोन. मी दोनाची शेपटी जरा लांब ओढते, शाळेपासूनची खोड आहे. शेजारी माझी सही. वरच्या ओळीत पाच, खालच्या ओळीत चार, आणि मधे हे.

मी आधी चिडले. "भाई," म्हटलं, "ही थट्टा कुणी केली?"

रज्जाकभाई चष्मा लावून आले. बराच वेळ बघितलं. "तुमचंच अक्षर हाय की बाई."

"मी कशाला लिहू उणे दोन? मी चार-पाचच लिहिते."

"मंग म्या लिवलं म्हंता? तुमची सही मारता आली असती तर माजे रजेचे अर्ज म्या सवताच मंजूर केले नसते व्हय?"

फायलीतलं पक्कं रजिस्टर काढलं. तिथं एकोणीस तारखेला चार. दारावरच्या तक्त्यावरूनच मी ते उतरवून घेतलं होतं, एक तारखेला, एका बैठकीत. तक्ता दारावरून काढून खिडकीपाशी उजेडात धरला. खाडाखोड नाही. खाली चार लिहून वर काही केलेलं नाही. कागद स्वच्छ.

मग फ्रिज उघडून थर्मामीटर बघितला. चार. अगदी व्यवस्थित चार.

खरं सांगते, मला हायसं वाटलं. ओट्याच्या ड्रॉवरमधून व्हाइटनर काढलं. रजिस्टरला व्हाइटनर लावायचं नाही हा सल्लागाराचा पहिला नियम, म्हणून ड्रॉवरमधे लपवून ठेवलेलं. बाटली हलवली. झाकण उघडलं. ब्रश त्या आकड्यावर टेकवायचा तेवढा बाकी होता, आणि मी थांबले. का थांबले ते विचारू नका. विचारबिचार काही केला नाही. एवढंच मनात आलं की जो आकडा मी लिहिलेला नाही, तो मी खोडू कसा?

"भाई," मी म्हणाले, "जरा त्या मागच्या बाटल्या बाहेर काढा."

रसायनांच्या मागं रज्जाकभाईंची ताकाची बाटली होती. फ्रिजमधे खाणंपिणं ठेवायचं नाही, हा दुसरा नियम. त्यांनी ती बाहेर ओढली आणि तशीच धरून उभे राहिले. प्लास्टिकची बाटली फुगलेली, बूड बाहेर आलेलं. हलवली तर आत काहीतरी ठक ठक वाजलं.

"बाई," ते म्हणाले, "कालचं ताक हाय. मधे दगड झालाय त्येचा."

बर्फ. कडेनं वितळलेलं आणि मधे लिंबाएवढा बर्फ.

मी स्टुलावर बसले. रात्रभर फ्रिज गोठत राहिला होता, पहाटे लाइट गेल्यावर सगळं वितळलं होतं, आणि आम्ही आलो तेव्हा थर्मामीटर साळसूदपणे चार दाखवत होता. मंगलच्या तपासणीचं रसायन एकदा गोठलं की कामातून जातं. दिसायला तसंच दिसतं, रंग तोच, वास तोच. उत्तर मात्र भलतं देतं.

सोमवार सोडून दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदाच कंट्रोल लावला. छापलेलं उत्तर बारा ते चौदा सेकंद. माझ्यासमोर आलं पंचवीस.

अठरा पायऱ्या मी त्या दिवशी कशा उतरले ते गुडघ्यांना विचारा. अक्का आणि मंगल रस्ता ओलांडून जीपच्या स्टँडवर उभ्या होत्या. अक्कानं रिपोर्ट पिशवीत ठेवला होता.

"अक्का, तो कागद परत द्या."

"का? काय वंगाळ निगालं?"

"कागद खोटा आहे."

बत्तीस वर्षांत हे वाक्य मी एकदाच बोलले. अक्कानं पिशवीतून कागद काढून दिला आणि म्हणाली, "मंग खरा कवा मिळंल?" शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तिथूनच सरांना फोन लावला. "सर, तिच्या डॉक्टरांना सांगितलं का?"

"लावतोय, एंगेज येतोय."

"नका लावू. माझा आकडा चुकलाय."

सर म्हणाले, "शालनताई, काय बोलताय कळतंय का?"

"कळतंय सर."

रज्जाकभाई मंगलच्या रक्ताची नळी घेऊन गावातल्या दुसऱ्या लॅबमधे गेले. आमच्या फ्रिजमधलं काहीच वापरायचं नाही असं ठरलं होतं. त्या दिवसाचे बाकीचे रिपोर्टही मी अडवून ठेवले. बाहेर लोक कुरकुर करत होते. अक्का आणि मंगल बाकड्यावर बसून राहिल्या. अक्कानं भाकरी सोडली, मंगलला खायला लावली, मलाही अर्धी दिली.

पाऊण तासानं उत्तर आलं. एक पूर्णांक आठ.

सहा नव्हे, अडीच नव्हे... एक पूर्णांक आठ. रक्त आधीच घट्ट झालेलं. तिची गोळी वाढवायला हवी होती, आणि मी ती बंद करायला सांगून तिला जीपच्या स्टँडवर पाठवलं होतं. सरांना फोनवर आकडा सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे आठवडाभर बंद ठेवली असती तर..." मग तिच्या डॉक्टरांना फोन लावून त्यांनी गोळी वाढवून घेतली.

दुपारी मेकॅनिक आला. थर्मोस्टॅट चिकटला होता म्हणाला, कॉम्प्रेसर थांबतच नव्हता. एवढ्याचं स्पष्टीकरण मिळालं. फ्रिज का गोठला ते कळलं. फ्रिजच्या दारावर ते कुणी लिहिलं, हे मेकॅनिकला कसं विचारणार?

मग त्या चुकीबद्दलचा फॉर्म भरायचा होता. काय घडलं, का घडलं, काय उपाय केला... आणि एक रकाना: कसे लक्षात आले. तीन दिवस तो रकाना कोरा ठेवून मी बसले. खरं लिहावं तर काय लिहू? "एक तारखेला मी खोटं लिहिलं होतं, त्यात एक खरं निघालं"? शेवटी लिहिलं, "नियमित तपासणीत आढळले." म्हणजे खोटं बोलून सापडलेली बाई ते लिहून ठेवतानाही खोटंच बोलली. सवय अशी असते.

काही महिन्यांनी परीक्षक आले. वयस्कर गृहस्थ, फार बोलत नव्हते. तक्ते चाळता चाळता त्या महिन्यावर थांबले. बोटानं वरून खाली आले.

"ताई, हा महिना तुम्ही एका बैठकीत भरलाय ना?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण म्हणाले, "हो सर."

"फक्त हा एक आकडा सोडून," उणे दोनवर बोट ठेवून ते म्हणाले. "हा फ्रिजकडं बघून लिहिलाय."

रज्जाकभाई दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. त्या वर्षी प्रमाणपत्र मिळालं नाही, पुढच्या वर्षी मिळालं.

मुलगा इंजिनियर आहे. तो म्हणतो, "आई, सकाळी तूच थर्मामीटर बघून लिहिलंस आणि विसरलीस." पण बाबा, मी आले तेव्हा लाइट तीन तास जाऊन परत आली होती, सगळं वितळलेलं. आत उणे दोन असलंच तर पहाटे पाचच्या आधी. तेव्हा लॅबला कुलूप आणि किल्ली माझ्या पर्समधे, पर्स माझ्या उशाशी. बरं, तक्त्यावर आधी चार लिहिलेला होता, तो गेला कुठं? आमचे हे म्हणायचे, एक तारखेला गप्पांच्या नादात लिहून गेली असशील. असेल. मग रजिस्टरात उतरवताना त्या उणे दोनचा चार कसा झाला? आणि तीस दिवसांतून तोच दिवस बरा सापडला मला. रज्जाकभाईंनी कधीच काही कारण दिलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी त्या फ्रिजमधे ताक ठेवलं नाही, आणि फ्रिज उघडायच्या आधी दारावरच्या कागदाकडं बघून हळूच "बिस्मिल्ला" म्हणायचे. मी हसायचे. हसता हसता मीही आधी कागदाकडंच बघायचे.

निवृत्त होईपर्यंत, अकरा वर्षं, मी एकही आकडा आगाऊ लिहिला नाही. रविवारीसुद्धा अठरा पायऱ्या चढून फ्रिज बघून यायचे. कंट्रोल रोज. छापलेल्या उत्तराशी जुळला नाही की रिपोर्ट अडवायचा, लोकांची बोलणी खायची, बाटली बदलायची, परत लावायचा. तुम्हाला वाटेल, खरं वागल्यावर माणसाला हलकं वाटत असेल. मला तर बाई नुसता थकवा आला. खोट्याचं काम दहा मिनिटांत व्हायचं, तेही चहा पिता पिता. खऱ्याला रोज उठून जावं लागतं. गुडघे उगाच नाही गेले माझे.

गेल्या महिन्यात मंगल आली होती. चाळिशीची झालीय. अक्का आता अंथरुणावर असतात, पण गोळ्यांची डबी अजून त्यांच्याच उशाशी असते म्हणे. मंगलची पोरगी लातूरला शिकायला आहे. इतक्या वर्षांत मी तिला खरं काय घडलं ते सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. तक्ता कसा भरायचे, कंट्रोल कसा चुकवायचे, उणे दोन, सगळं. म्हटलं, चिडू दे. एकदा कुणीतरी चिडायलाच पाहिजे.

ती चिडली नाही. बशीतली बिस्किटं तिनं बाजूला सारली.

"मावशी," ती म्हणाली, "तुमी पैल्यापासनं खरं लिवत असता, तर म्या गेले असते का?"

"नाही गं. मी नीट काम केलं असतं तर सकाळी कंट्रोल लावला असता. रसायन खराब आहे ते तुझं रक्त घ्यायच्या आधीच कळलं असतं."

"मंग कुणाला काय लिवायची गरजच न्हवती."

"नव्हती."

"तुमी काम केलं न्हाय म्हून दुसऱ्या कुणाला तरी करावं लागलं."

अशा शब्दांत मला कुणी सुनावलं नव्हतं, आणि तिनं ते सुनावण्यासाठी म्हटलंही नव्हतं. मी मान डोलावली.

मग ती म्हणाली, "आता दुसरीकडं कुठं लिवत असंल का ते? तुमच्यासारखी कामं करणारी लई असतील की."

असतील, पुष्कळ असतील. त्यांच्या फ्रिजच्या दारावरही कागद असतील, महिनाअखेरपर्यंत भरलेले. त्यांत कुठं काही उमटतही असेल. पण ते कागद वाचतं कोण? भरणारी मी असून एकदा भरल्यावर मी तो कधी वाचला नव्हता. उणे दोन तिथं पहिल्याच आठवड्यात उमटलं की आदल्या रात्री, हेही मला म्हणूनच सांगता येत नाही. त्या दिवशीही मी वाचायला गेले नव्हते. बाटली ठेवायला गेले होते.